वेपवर बंदी आहे, मग नववीच्या दप्तरात तो आला कुठून?

फोंडा तालुक्यातल्या एका पालकांनी विचारलं आहे ते थोडक्यात असं: मुलाच्या नववीच्या वर्गात दोघांच्या दप्तरात वेप, म्हणजे ई-सिगारेट, सापडले. शाळेने दोघांनाही आठवडाभर घरी बसवलं. आता पालक-शिक्षक संघ सरकारला निवेदन देणार आहे. देशभर बंदी असताना ही वस्तू मिळते कशी, गोवा सरकारकडे नेमकं काय मागायचं, आणि विक्रीचं वय १८ वरून २१ केलं तर फरक पडेल का?

मी दंतवैद्य आहे. शाळांतल्या दंततपासणीसाठी फोंडा, डिचोली, सत्तरी भागात बरीच वर्षं फिरते आहे. तंबाखू नियंत्रणाच्या बैठकांनाही बसते. त्या कामात जे कळलं ते सांगते. वकील नाही, त्यामुळे निवेदनाचा शेवटचा मसुदा एखाद्या वकिलाला दाखवून घ्या.

तुमच्या प्रश्नात नवा, कडक कायदा हवा असा सूर आहे. माझ्या मते कायदे पुरेसे आहेत. शाळेच्या फाटकापासून दुकानापर्यंतचं जे अंतर आहे, त्याला मात्र कोणी वाली नाही. शाळा म्हणते, फाटकाबाहेरचं पोलिसांनी बघावं. पोलीस म्हणतात, आरोग्य खात्याकडून तक्रार येऊ द्या. आरोग्य खातं म्हणतं, परवाना पंचायत देते. पंचायत म्हणते, आम्ही जनरल स्टोअरला परवाना दिला, आत काय विकतात ते आम्ही कुठे बघत बसणार? प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं असतं, आणि मूल मात्र मधल्या मध्ये सापडतं. म्हणून काय मागायचं याच्या आधी कोणाकडे मागायचं ते ठरवा.

एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती तुम्हालाच शोधावी लागेल: त्या दोघांना वेप दिला कोणी? दुकानातून घेतला, बारावीतल्या कोणा दादाने दिला, की मोबाईलवरून मागवला? तिन्हींना वेगवेगळे उपाय लागतात. आणि मुलं घाबरलेली असली की हे कधीच कळत नाही. आठवडाभर घरी बसवलेला मुलगा नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं तर मित्रही जाणार हे त्याला पक्कं माहीत असतं.

आधी हातात काय आहे ते पाहू. गोव्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्यावर बंदी घालणारा स्वतःचा कायदा १९९७ साली केला, देशाचा कायदा यायच्या कितीतरी आधी. कर्करोगतज्ज्ञ डॉ. शरद वैद्य आणि त्यांच्या 'नोट' या तंबाखूविरोधी संघटनेने त्या काळात खूप झटून काम केलं. गुटख्यावरची बंदीही गोव्यात २००५ साली आली, बाकीची बरीच राज्यं २०१२ नंतर जागी झाली. त्याचं फळही दिसलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत तंबाखूचा वापर देशात २८.६ टक्के होता, गोव्यात ९.७ टक्के, देशात सगळ्यात कमी. हा आकडा आपल्या बैठकांत अभिमानाने सांगितला जातो आणि सांगावाही. पण तो मोठ्यांचा आकडा आहे, आणि वेप दप्तरात शिरायच्या आधीचा आहे. त्यावर विसंबून नववीच्या मुलांबद्दल निर्धास्त राहता येत नाही.

देशपातळीवर २००३ चा कोटपा, म्हणजे सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांवरचा, कायदा आहे. त्याचं कलम ६ सांगतं की १८ वर्षांखालच्या कोणाला तंबाखू विकायची नाही, आणि शैक्षणिक संस्थेच्या १०० यार्डांच्या परिघात, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, कोणालाच विकायची नाही. अंतर कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याच्या वळणांनी नाही. गिऱ्हाईक अठरा वर्षांचं आहे याची खात्री करून घेणं विक्रेत्याचं काम आहे. 'मला मोठा वाटला' हे उत्तर चालत नाही. हे सगळं चांगलं आहे, पण दंड २०० रुपयांपर्यंत. दिवसभर सिगारेटी विकणाऱ्याला तो दंड म्हणजे धंद्याचा खर्च.

याच्या अगदी उलट टोकाला बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ आहे. मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कलम फार जड आहे, म्हणूनच ते हातात घ्यायला कोणी धजत नाही. गावातल्या ओळखीच्या दुकानदारावर असा गुन्हा नोंदवायला पोलीसही कचरतात आणि पालकही. माझं मत असं की हे कलम सरसकट वापरू नये, पण वारंवार मुलांना विकणाऱ्याला पाठवायच्या नोटिशीत त्याचा उल्लेख जरूर असावा.

एकीकडे २०० रुपये, दुसरीकडे सात वर्षं. मधली पायरी रिकामी आहे, आणि तुमच्या निवेदनाने नेमकी तीच मागावी. माझ्या दृष्टीने ती पायरी म्हणजे परवाना.

का ते सांगते. शाळेजवळचं एखादं दुकान डोळ्यासमोर आणा. काउंटरवर लॉलीपॉप आणि इमलीच्या गोळ्यांच्या बरण्या. वर दोरीला लटकलेल्या पुड्यांच्या माळा, त्यात चिप्सची पुडी आणि गोड सुपारीची पुडी शेजारी शेजारी. सुपारीच्या मागे पान मसाला, आणि त्याला जोडून वेगळी तंबाखूची बारीक पुडी. गुटख्यावर बंदी म्हणून दोन पुड्या सुट्या विकायच्या, गिऱ्हाईकाने त्या हातावर एकत्र करायच्या. खांबाला सुतळीने बांधलेला लायटर, आणि फोडलेल्या पाकिटातून एकेक सिगारेट. पाकिटावरचं ८५ टक्के जागा व्यापणारं सचित्र इशारापत्र त्या सुट्या सिगारेटीवर कुठे असतं? मुलाच्या खिशात पाकिटाएवढे पैसे नसतात, एका सिगारेटीपुरते असतात. मुलाला परवडणारी विक्री म्हणजे सुटी विक्री.

आता पंचायतीने किंवा नगरपालिकेने असं ठरवलं की तंबाखू विकायला वेगळा परवाना लागेल, तो शाळेच्या परिघात मिळणार नाही, जिथे मिळेल तिथे चॉकलेट, बिस्किटं, चिप्स विकायचे नाहीत, आणि मुलाला विकताना दुसऱ्यांदा सापडला तर परवाना रद्द, तर त्या दुकानदाराचा हिशेबच बदलतो. २०० रुपये भरून तो उद्या पुन्हा विकेल, परवाना जायची भीती असेल तर विकणार नाही. ही कल्पना माझी नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली राज्यांना असाच परवाना सुरू करायला सुचवलं होतं. हिमाचल प्रदेशाने २०१६ मध्ये कायदाच केला, ज्यात सुट्या सिगारेट-बिडीवर बंदी आणि किरकोळ विक्रीवर नियमन दोन्ही आहेत. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी केली.

तुमच्या पंचायत सचिवांना आधी विचारा: तंबाखू विकण्यासाठी वेगळी परवानगी लागते का, लागत असेल तर किती जणांकडे आहे, आणि शाळेपासून ९१ मीटरांत किती दुकानं येतात. हे लेखी विचारा. गेल्या वर्षभरात कलम ६ खाली किती दंड झाले, तेही माहिती अधिकारात मागा. मग ग्रामसभेत विषय मांडा. आपल्याकडे ग्रामसभा रविवारी असते आणि तिथे कचऱ्यावर, रस्त्यांवर दोन-दोन तास वाद होतात. शाळेच्या परिघाचा विषय तिथे आणला तर पंचायत मंडळाला टाळता येत नाही, इतिवृत्तात येतो.

यातली नाजूक बाजू मी झाकणार नाही. शाळेजवळचा गाडा पुष्कळदा एखाद्या विधवा बाईचा किंवा अपंग माणसाचा असतो, आणि घर त्यावर चालतं. सरपंचांचाच कोणी नातेवाईक असतो, तेही होतं. म्हणून गाडा उठवा असं मागू नका. तंबाखू काढा, बाकीचं विका, हवं तर सहा महिन्यांची मुदत घ्या, असं मागा. दुकानदाराशी आधी दोन पालकांनी जाऊन बोलावं. माझा अनुभव असा की निम्मे जण तिथेच ऐकतात, कारण त्यांचीही मुलं त्याच शाळेत जातात.

आता वेपचं. इथे दुकानाचा हिशेब तसाच्या तसा लागू होत नाही, कारण वेपचा परवाना देताच येत नाही. ई-सिगारेट बंदीचा वटहुकूम सप्टेंबर २०१९ मध्ये आला, डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड. पोलीस उपनिरीक्षक आणि त्यावरचे अधिकारी कारवाई करू शकतात. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: हा कायदा आणणाऱ्यावर, विकणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर रोखलेला आहे. ओढणाऱ्या मुलाला शिक्षा त्यात लिहिलेली नाही. आपण मात्र शाळेत नेमकी त्यालाच शिक्षा करतो.

मग मिळतं कसं? मुलं मला जे सांगतात त्यावरून तीन वाटा दिसतात. किनारी पट्ट्यातल्या काही दुकानांत मागच्या कपाटातून, पर्यटकांच्या नावावर. मोबाईलवरच्या खात्यांवरून, जिथे फोटो टाकला जातो आणि कुरियरने डबी येते. आणि सगळ्यात जास्त, ओळखीच्या मोठ्या मुलाकडून, जो स्वतःसाठी घेतो आणि दोन जास्त आणून विकतो. वस्तू ओळखायला कठीण आहे. हायलायटर पेनाएवढी, कधी पेन ड्राइव्हसारखी, मोबाईलच्याच चार्जरने चार्ज होणारी. वास आंब्याचा, पुदिन्याचा, कलिंगडाचा. वर्गात कोणी च्युइंगगम खाल्लंय असंच वाटतं. वाफ बाहीत सोडली तर क्षणात विरते. तंबाखू खाणाऱ्या मुलाच्या तोंडात मला गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो. वेप ओढणाऱ्याच्या तोंडात बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. मुलंही छातीठोकपणे सांगतात, 'डॉक्टर, ह्यात फक्त फ्लेवर असता.' आत निकोटीन असतं हे त्यांना खरोखरच माहीत नसतं, आणि ते अशा क्षाररूपात असतं की घशाला झोंबत नाही. झोंबत नाही म्हणून जास्त ओढलं जातं.

सापडलेले वेप शाळेने फेकून देऊ नयेत. आत लिथियमची बॅटरी असते, कचऱ्यात गेली तर आग लागू शकते, आणि पुरावाही जातो. पाकिटात घालून तारीख, जागा, कोणत्या बनावटीचा ते लिहा आणि मुख्याध्यापकांच्या पत्रासह पोलीस ठाण्यात द्या. पत्रात मागणी एकच ठेवा: पुरवठा कोण करतो ते शोधा. मुलांशी बोलायची वेळ आली तर पालक सोबत असतील हे पाहा. त्यांची नावं पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अजिबात फिरू देऊ नका. कुठलं ऑनलाइन खातं सापडलं तर त्याची तक्रार करायला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ साली वेगळं पोर्टल सुरू केलं आहे, ते वापरा.

वय २१ करावं का? हो, करावं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम या गावाने २००५ मध्येच विक्रीचं वय २१ केलं. २००६ ते २०१० या काळात तिथल्या हायस्कूलमधल्या मुलांत सिगारेट ओढण्याचं प्रमाण १३ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं, आजूबाजूच्या गावांत एवढी घट झाली नाही. अमेरिकेने डिसेंबर २०१९ मध्ये देशभर तेच केलं. फायदा सगळ्यात जास्त १५ ते १७ वयाच्या मुलांना होतो. त्यांना तंबाखू आणून देणारा बहुधा अठरा-एकोणीस वर्षांचा मित्र असतो, आणि वय २१ केलं की तो मित्रही विकत घेऊ शकत नाही. आपल्याकडे हे फारच लागू पडतं. अनेक ठिकाणी हायस्कूल आणि हायर सेकंडरी एकाच आवारात आहेत. बारावीतला मुलगा अठराचा झालेला असतो आणि मधल्या सुट्टीत नववीच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळतो.

पण वाट लांब आहे. कर्नाटकाने केंद्राच्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून वय २१ केलं. विधेयक २०२४ च्या सुरुवातीला मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती मिळून अंमलात यायला २०२५ चा मे उजाडला. गोव्यालाही विधानसभेतूनच जावं लागेल. आमदारांना भेटा, मागणी लावून धरा, पण तुमचा मुलगा तोवर दहावी होऊन जाईल. पंचायतीचा ठराव आणि परिघाची तपासणी याच वर्षी होऊ शकते. म्हणून मी परवान्याला आधी हात घालते. आणि वय १८ असतानाही कोणी ओळखपत्र मागत नसेल तर २१ केल्यावर आपोआप मागेल असं नाही.

शाळेचा भाग. केंद्राची तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ ची आहेत. आवाराबाहेर १०० यार्डांवर पिवळी रेषा, फाटकावर फलक, शिक्षकांतून आणि मुलांतून टोबॅको मॉनिटर, म्हणजे यावर लक्ष ठेवणारे, ठरावीक काळाने उपक्रम. आवारात धूम्रपान करणाऱ्याला दंड करायचा अधिकार मुख्याध्यापकांना आहे. भागशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देऊन तुमच्या शाळेची पूर्तता किती झाली ते विचारा. रेषा आखलेली दिसते पुष्कळ ठिकाणी, पण रेषेच्या आतली दुकानं तशीच असतात. ३१ मेला, शाळा बंद असताना, तंबाखूविरोधी दिन येतो. जूनमध्ये कधीतरी घोषणांची फेरी काढून तो उरकला जातो. फेरीला माझा विरोध नाही, पण तिच्या जोरावर दुकानातली माळ खाली उतरत नाही.

मुलांशी बोलायला नववीची वाट बघू नका. १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरणारी निघाली. चघळायची तंबाखू घेणाऱ्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांनी ती दहावा वाढदिवस व्हायच्या आधीच तोंडात घातली होती. म्हणजे चौथी. आणि चौथीतल्या मुलाच्या हातात असते गोड सुपारी, जिच्यावर बंदी नाही, जी कुळागरात, म्हणजे आपल्या सुपारीच्या बागेत, पिकते म्हणून आपल्याला घरचीच वाटते. सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केलं आहे. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा ताठ होत जाते. मी मुलांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगते. ज्याची तीन बोटं जात नाहीत त्याच्या पालकांना मी त्याच दिवशी बोलावून घेते. ही तपासणी कोणीही शिक्षक करू शकतो, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. परवान्याच्या मागणीत सुपारीच्या पुड्याही घाला, हा माझा आग्रह.

तर निवेदन एकच न लिहिता तीन लिहा. पंचायतीला: तंबाखू विक्रीचा वेगळा परवाना, परिघातली विक्री बंद, खाऊ आणि तंबाखू एका काउंटरवर नको, सुटी विक्री नको. पोलिसांना: वेपच्या पुरवठादाराचा शोध. आमदार आणि आरोग्य खात्याला: वय २१, आणि कलम ६ चा दंड वाढवणारी राज्य दुरुस्ती. प्रत्येकाची प्रत पणजीत आरोग्य संचालनालयाच्या तंबाखू नियंत्रण विभागाला द्या.

शेवटी त्या दोन मुलांबद्दल, कारण निवेदनाच्या गडबडीत ती राहून जातील. त्यांना उद्याच शाळेत परत घ्या, असं मुख्याध्यापकांना सांगा. घरी एकटं बसलेलं मूल मोबाईलवर असतं आणि पुरवठ्याची एक वाट तिथूनच जाते. समुपदेशकाने, किंवा ज्याच्याशी ती मोकळेपणाने बोलतात अशा शिक्षकाने, एकेकट्याशी बोलावं. पहिला प्रश्न 'कुठून आणलंस' हा नको. 'सकाळी उठल्यावर किती वेळाने ओढावंसं वाटतं?' हा विचारा. अर्ध्या तासाच्या आत म्हणाला तर निकोटीनची सवय शरीरात मुरलेली आहे, त्याला नुसतं समजावून भागणार नाही, डॉक्टरांकडे न्यावं. अधूनमधून गंमत म्हणून ओढणारा असेल तर बोलणं आणि लक्ष ठेवणं बहुधा पुरतं. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात मन न लागणं हे जोरात असतं आणि काही आठवडे कमी-जास्त चालतं. त्या दिवसांत परीक्षेच्या गुणांवरून बोलू नका, हे त्यांच्या आईवडिलांना कोणीतरी आधीच सांगायला हवं. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-११-२३५६ मोफत आहे. मुलाला एकट्याला नंबर देऊन मोकळे होऊ नका, पहिला फोन घरच्या कोणीतरी त्याच्या शेजारी बसून लावा. दोघांतल्या कोणाचं तोंड तीन बोटं उघडत नसेल, तर मात्र याच आठवड्यात दंतवैद्याकडे घेऊन जा.